तळहाताखालचा आवाज

"तू गप!" असं ओरडून बाई समोरच्या एका वॉकीटॉकीच्या तोंडावर खाडकन हात मारायच्या, तो हात तसाच दाबून धरायच्या आणि मग दुसऱ्या वॉकीटॉकीत बोलायला लागायच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, फोडला हिनं सेट. कधीकधी खरंच फोडलेला असायचा. सेट माझे होते, म्हणून मला पक्कं ठाऊक.

बुधवार पेठेत माझं दुकान आहे. वॉकीटॉकी भाड्यानं देतो, दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांशी शक्यतो बोलत नाही. मैदानावरच्या गाण्याच्या कार्यक्रमाला किंवा एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगला तुम्ही गेला असाल, तर काळे शर्ट घातलेले बाउन्सर तुम्ही पाहिले असतील. मानेपेक्षा दंड जाड, आणि चेहऱ्यावर आपल्यालाच पास मागितल्याचा भाव. त्यांच्या कमरेला जे डबडं लटकत असतं ते बऱ्याचदा माझं असतं. अशाच एका एजन्सीचं टेबल बाई सांभाळायच्या. टेबल म्हणजे स्टेजमागं एक प्लास्टिकचं टेबल, एक खुर्ची आणि दोन सेट. उजव्या हाताला पुढच्या गेटचा, डाव्या हाताला मागच्या गेटचा. दोन्ही गेटं वेगवेगळ्या चॅनलवर ठेवायची, नाहीतर सगळे एकदम बोलतात आणि मंडई होते. अशा कार्यक्रमांना बॅटऱ्या बदलायला मी स्वतः हजर राहतो, कारण बाउन्सर लोकांना बॅटरी आणि दगड यांतला फरक कळत नाही.

बाईंचं नाव मी सांगणार नाही. एकदा गमतीनं म्हणालो होतो, "बाई, तुमच्यावर लिहायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "नाव घातलंत तर दुकान पेटवीन." माझ्या दुकानाचा विमा नाही.

धायरी गाव होतं तेव्हापासूनच्या त्या तिथल्या. पोरवयात कबड्डी खेळल्या. लग्न झालं, नवरा हात उचलायचा. एक दिवस बाईंनी उचलला. त्यानंतर तो माणूस पुन्हा गावात दिसला नाही, आणि त्याला शोधायलाही कुणी गेलं नाही. मग बाईंनी काळा शर्ट चढवला आणि गेटवर उभ्या राहिल्या. भांडण लागलं की आधी दोन्ही बाजूंना म्हणायच्या, "हात खाली. मंग बोला." हात खाली आले नाहीत तर त्या स्वतः खाली आणायच्या, आणि त्यात मनगट राहायचंच असा काही नियम नव्हता.

आता दोन सेटची एक भानगड असते, ती तुम्हाला सांगायला हवी. एका सेटचं बटण दाबून तुम्ही बोलत आहात आणि नेमका तेव्हाच शेजारचा सेट बोलू लागला, तर त्याचा आवाज तुमच्या सेटमध्ये शिरतो. मागच्या गेटवरची शिवीगाळ पुढच्या गेटवर ऐकू जाते, आणि पुढच्या गेटवाल्याला वाटतं की ती आपल्यालाच. म्हणून बोलण्याआधी शेजारच्याचा आवाज बंद करायचा. शहाणी माणसं त्यासाठी आवाजाचं बटण फिरवून शून्यावर नेतात. आणि बोलणं संपल्यावर ते परत फिरवायला हीच शहाणी माणसं विसरतात.

कर्वेनगरच्या एका कार्यालयात असंच झालं होतं. बडं लग्न होतं, म्हणून एजन्सी होती. बाई तेव्हा दारावर होत्या आणि टेबलावर दुसराच एक गृहस्थ होता. त्यानं मागच्या सेटचं बटण फिरवलं आणि जिलबी खायला घेतली. मागं जेवणाच्या हॉलमध्ये दोन्हीकडचे मामा खुर्च्या घेऊन एकमेकांवर तुटून पडले. तिथला बाउन्सर सेटवर ओरडून ओरडून थकला. शेवटी डोकं फुटलेला तो, दोन्ही हातांनी कपाळ धरून, बोटांतून रक्त गळत असताना, स्वतः चालत टेबलापाशी आला. बाई दारावरून धावत आल्या. त्यांनी आधी सेटचं बटण पाहिलं, मग त्या गृहस्थाकडे पाहिलं, मग त्याची मानगूट धरून त्याचं तोंड जिलबीच्या ताटात असं हाणलं की ताट मधोमध वाकलं.

"बटन फिरीवलं की मानूस मोकळा होतो," त्या मला नंतर म्हणाल्या. "हात ठिवला की हात दुखतो. दुखलं की ध्यानात ऱ्हातं."

मला तेव्हा हे पटलं होतं. त्याच्या खाली आणखी काही असेल असं वाटायचं काही कारण नव्हतं, आणि तेव्हा ते नव्हतंही.

मग ती दहीहंडी आली. पुण्यात हेल्मेट माणसाच्या डोक्यावर क्वचितच दिसतं. त्या दिवशी ते बाईंच्या डाव्या कानशिलावर दिसलं. एका दारुड्यानं पट्टा मुठीत गुंडाळून, गोल फिरवून हाणलं. बाई एका गुडघ्यावर बसल्या, उठल्या, त्याचा तो हात धरला आणि मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी तुटावी तसा. कार्यक्रम संपेपर्यंत त्या गेटवरच उभ्या होत्या, कॉलर कानापासून खाली लाल झालेली. एजन्सीचा मालक हा जुना पहिलवान. त्याला असल्या गोष्टींची फार कदर. त्यानं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की आजपासून टेबल बाईंचं.

तेव्हापासून त्या हाताची तऱ्हा बदलली, हे माझ्या लक्षात आलं होतं. पूर्वी बाई कधी बदलीवर टेबलाशी बसल्या, तर बोलण्यापुरताच दुसऱ्या सेटवर हात ठेवायच्या आणि इतरांनाही तेच सांगायच्या. आता त्या बोलत नसतानाही दोन्ही हात दोन्ही सेटवर पसरून बसायच्या. मारही वाढला. माझ्या सेटच्या जाळ्या तडकायला लागल्या. म्हणून मी बायकोकडून सेटसाठी स्पंजच्या खोळी शिवून घेतल्या आणि एका कॉलेजच्या कार्यक्रमाला मोठ्या कौतुकानं चढवल्या. म्हटलं, आता हाणा किती हाणायचं ते.

दुपारी मागच्या गेटवर दगड आले. सेटवरून कुणीतरी ओरडलं, "बाई, माणसं पाठवा, लवकर!" मी शेजारीच होतो. आवाज स्वच्छ डावीकडून आला. बाईंचे हात खोळींवरून इकडून तिकडे फिरले, पुन्हा फिरले, आणि त्यांनी माणसं पाठवली पुढच्या गेटला. तिथं सगळं शांत होतं. माणसं तिथून परत फिरून मागं पोचेपर्यंत एका बाउन्सरचा ओठ दातांपर्यंत फाटला होता. त्याला बघून बाई परत आल्या. त्यांनी एक खोळ दातांनी टराटरा फाडली, स्पंजचा तुकडा माझ्या अंगावर थुंकला आणि माझी कॉलर धरली.

"अहो, पण आवाज डावीकडून आला होता," मी म्हणालो. मला वाटलं, माझी बाजू मांडावी.

"डावीकडनं-उजवीकडनं मला कळत न्हाई!" त्या किंचाळल्या.

बोलून गेल्यावर त्या स्वतःच दचकल्या. कॉलर सुटली. इकडंतिकडं कुणी नाही असं पाहून त्या माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाल्या, "डावा कान गेलाय. हेल्मेटनं. एका कानाला आवाज कळतो, कुठनं आला ते कळत न्हाई. हाताखाली सेट थरथरला की कळतं. कुणाला बोललात, तर तुमचा उजवा काढून हातात दीन."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डाक्टरला ठाव हाय. मालकाला न्हाई." मग जरा खालच्या आवाजात, "अवो दुकानवाले, टेबल गेलं तर मी कुटं जाऊ? गेटवर एका कानाची बाई म्हंजे मार खायाला उभी केलेली. मानसं अडवन्याबिगर मला दुसरं काय येतं?"

मला फार वाईट वाटलं. राग तर आलाच होता, कॉलरचं बटण तुटलं होतं, पण वाईट जास्त वाटलं. त्या संध्याकाळी दुकानात येऊन मी त्या दोन्ही सेटच्या जाळीआतलं बारीक कापड काढून टाकलं, म्हणजे थरथर अजून स्वच्छ लागेल. कुणाला काही बोललो नाही. त्यात कानाची भीती किती आणि माया किती हे मी मोजत बसलो नाही.

पुढं बराच काळ सगळं व्यवस्थित चाललं. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, बाई दोन तळहातांवर दोन्ही गेटं तोलून धरायच्या. त्यांना सगळ्यांत जास्त त्रास व्हायचा तो मागच्या गेटवरच्या वऱ्हाडणीचा. ही तिशीतली बाउन्सर, विदर्भातून नवऱ्यामागं पुण्यात आलेली. दांडगी, पण जीभ तिच्या दांडगाईच्या दुप्पट. गेटवर काही घडलं नाही तर ते काही घडलं नाही म्हणून सांगायलाही ती बटण दाबायची.

"बाई, इकडं सब बरं हाये."

"बरं."

"बाई, थंडी वाजून राहिली."

"बरं."

"बाई, जेवल्या का तुम्ही? मी काय म्हन्तो, उद्या मी भाकर आनू काय तुमच्यासाठी?"

"रेडिओ हाय, माहेर न्हाई!" बाई गरजायच्या आणि सेटच्या थोबाडावर हात आपटायच्या. वऱ्हाडणीला राग यायचा नाही. पुढच्या खेपेला ती खरोखर भाकरी आणायची आणि बाई ती खाऊन, करपली होती, असं सेटवरून सांगायच्या. डाव्या हाताखाली तिची अखंड किरकिर चालू असायची, आणि बाई वैतागून म्हणायच्या, "ही मेली गप बसली तरच मला घोर लागंल."

मग मालकानं तो हेडफोन आणला.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका मोठ्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता. टेबल लागलं आणि मालक खोकं घेऊन आला. लग्नातला आहेर द्यावा तसं त्यानं ते बाईंपुढं धरलं. "बाई, जमाना बदलला. हा घाला. उजव्या कानात पुढचं गेट, डाव्या कानात मागचं. एकाचा आवाज दुसऱ्यात जायला नको, आपटाआपटी नको." त्यानं तो आधी स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिला, दोन्ही गेटांशी बोलला, लहान पोरासारखा खूश झाला.

बाईंचा चेहरा मी पाहिला. एवढ्या मारामाऱ्यांत त्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली नव्हती.

मालक गेल्यावर त्या म्हणाल्या, "दुकानवाले, माझं मढं निघालं."

"थांबा हो," मी म्हणालो. हेडफोन जोडला की सेटचा स्पीकर आपोआप बंद होतो. पण ते ज्या पत्तीमुळं होतं, ती मला माहीत होती. पाठ फिरवून मी दोन्ही सेट उघडले आणि पत्ती वाकवली. आता हेडफोनही चालू, त्याच्या वायरीवरच्या वेगळ्या बटणावर, आणि सेटच्या बटणावर स्पीकरही चालू. बाईंनी हेडफोन डोक्यावर ठेवला, दोन्ही हात पुन्हा सेटवर पसरले. डाव्या हाताखाली थरथर लागली तशा त्या हसल्या. "बाई, इकडं लई गर्दी हाये," वऱ्हाडीण सांगत होती. "पन मी हावो ना!"

उन्हं उतरली आणि गाणी सुरू झाली. ती अशी की जमीन हलावी. पास नसलेल्यांचा लोंढा मागच्या बाजूला जमायला लागला होता, तिथं नुसते पत्रे आणि बांबू होते. मी भरलेल्या बॅटऱ्या आणायला जनरेटरपाशी गेलो. परत आलो तेव्हा मालक टेबलापाशी उभा होता, चहाचा कप हातात.

"हे स्पीकर कशाला चालू ठेवता?" तो बाईंना म्हणत होता. "डोकं उठतं नुसतं. मी बंद केले बघा."

बाईंच्या उजव्या कानाशी पुढचं गेट बोलत असावं, त्या तिकडं उत्तर देत होत्या. डावा हात मागच्या सेटवर होता. मी सेटकडं पाहिलं. दोन्ही बटणं शून्यावर होती. बाईंचा हात एका मेलेल्या सेटवर पसरला होता.

त्यांचं बोलणं संपलं. कपाळाला आठी पडली. डाव्या हाताची बोटं सेटवर दाबली गेली, सैल झाली, पुन्हा दाबली गेली. "ही गप का हाय?" त्या मला म्हणाल्या. "एवढा येळ गप?"

"गप कुठं?" मालक हसून म्हणाला. "बोलतेय की ती. तुमच्या डाव्या कानात. मला इथवर चिरचिर ऐकू येतंय. ऐकताय ना?"

बघा हं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. "हो" म्हणून हळूच बटण फिरवलं असतं तरी निभावलं असतं, टेबल राहिलं असतं. मी पुढं झालो होतो, हात लांब केला होता. तेवढीही वाट बाईंनी पाहिली नाही. त्यांनी हेडफोन डोक्यावरून उपटला, मालकाच्या डोळ्यांदेखत उलटा केला आणि डाव्या कानाची वाटी उजव्या कानावर दाबली.

त्या वाटीतून येणारा आवाज मलाही ऐकू आला. "बाई! गेट तुटून राहिलं! बाई, लोकं आत घुसून राहिले! बाई, तुम्ही ऐकून नाही राहिल्या काय वं?" मग पत्रा कोसळल्याचा आवाज, आणि मग काही नाही.

मालकाच्या हातातला कप तसाच राहिला. तो बाईंच्या डाव्या कानाकडं बघत होता.

"व्हय," बाई म्हणाल्या. "डावा मेलाय. मागनं हाकला मला. आता मागचं गेट."

आणि त्या पळाल्या. मालक पळाला. मीही पळालो, का ते विचारू नका. आयुष्यात मी कुणाला साधी चापट मारलेली नाही. पण मला एवढं कळत होतं की ही बाई डावीकडून येणारं काही ऐकणार नाही, तेव्हा डावीकडं कुणीतरी असलं पाहिजे.

मागं कत्तल चालली होती. पत्र्याचं अख्खं कुंपण आडवं झालेलं, त्यावरून माणसं धावत आत येत होती, आणि पाय पडेल तसा पत्रा खणखणत होता. कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात पट्टे. दोन बाउन्सर एकमेकांना पाठ लावून नुसते मार खात होते. बाई त्या लोंढ्यात शिरल्या. पहिल्याच्या गळ्यावर कोपर, दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ, तिसऱ्याला केसांनी धरून चौथ्यावर. "हात खाली! हात खाली!" असं ओरडत त्या हाणत होत्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला चिकटून पळत होतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "बाई, डावीकडून! बाई, डावीकडून पट्टा!" त्या न बघता डावीकडं हात फिरवायच्या आणि कुणीतरी कोसळायचं. मध्येच माझा चष्मा गेला, एक दात हलला. तरी खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जरा मर्दासारखं वाटलं.

मग बाई थांबल्या. पत्र्याखालून काळ्या शर्टाची बाही दिसत होती.

त्यांनी डाव्या हातानं पत्रा उचलून धरला. वरून माणसं अजून धावतच होती, पत्रा आपटत होता, तो त्यांच्या हातावर आणि पाठीवर आपटत होता. खाली वऱ्हाडीण पडली होती. तोंड पांढरं, नाकातून रक्त, सेट मुठीत तसाच. "गेली ही," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. गाणं चालूच होतं, जमीन हलत होती, त्या गोंगाटात श्वास ऐकणं दोन कानांच्या माणसालाही जमलं नसतं. बाईंनी उजवा तळहात तिच्या छातीवर पसरला. सेटवर पसरायच्या तसाच. डोळे मिटले.

"हाय," त्या म्हणाल्या. "हाय आत. हे गाण्याचं न्हाई, हे हिचं हाय. उचला हिला!"

मी आणि मालक तिला ओढायला वाकलो. तेवढ्यात उजवीकडून एक जण बांबू घेऊन आला. त्याला कुणी आधी मारलं होतं, त्याचं तोंड रक्तानं भरलेलं होतं आणि समोर दिसेल त्याला मारायचं एवढंच त्याला कळत होतं. बाईंनी तो येताना पाहिला. मी त्यांचे डोळे पाहिले, म्हणून सांगतो. एक हात उचलला असता तर असले दहा बांबू त्यांनी अडवले असते. पण डावा सोडला तर पत्रा तिच्यावर पडणार होता, आणि उजवा त्यांनी उचलला नाही. बांबू उजव्या कानामागं बसला. मालकानं त्या माणसाला पुढं काय केलं ते मी लिहीत नाही, पण तो मग बराच वेळ उठला नाही. बाई वऱ्हाडणीवर आडव्या झाल्या होत्या. हात छातीवरच होता.

वऱ्हाडणीच्या चार बरगड्या मोडल्या होत्या. ती वाचली.

बाई दवाखान्यात शुद्धीवर आल्या तेव्हा मालक उशाशी बसला होता. एवढा पहिलवान गडी, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "बाई, कान गेला तर गेला. टेबल तुमचंच. मी आहे तोवर टेबल तुमचंच." बाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, इतकं की नर्स धावत आली. हातवारे करून करून तो सांगत होता, टेबल, टेबल, आणि बाई त्याच्या हातांकडं बघत होत्या.

"हात खाली," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग बोला."

तेव्हा आम्हाला कळलं. मालक उठून बाहेर गेला आणि जिन्यात बसून पोरासारखा रडला. मी आतच उभा राहिलो. काय करावं सुचेना, म्हणून मी खिडकी लावली.

टेबलावर आता दुसरं कुणी बसतं. हेडफोन घालतं. मी बॅटऱ्या बदलतो, काम झालं की निघतो, आणि पुन्हा शक्यतो बोलत नाही.

पण ते दोन सेट मी परत भाड्यानं दिले नाहीत. एका रविवारी ते पिशवीत घातले आणि धायरीला गेलो. दार वऱ्हाडणीनं उघडलं. बरगड्या सांधल्या तशी ती नवऱ्याला घेऊन बाईंच्याच शेजारच्या खोलीत राहायला आली होती. दारातच तिनं मला सगळं सांगून टाकलं: बाई काय खातात, काय खात नाहीत, कुणाला काल लाथ घातली. "मी दिवसभर बोलतो त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "त्याइले ऐकू नाही येत, तरी बोलतो. मंग काय करू?"

बाई खाटेवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय दुकानवाले, दात बसला का?" आवाज अजून तसाच होता, उलट जास्तच मोठा, कारण आता त्यांना तो स्वतःला ऐकू येत नव्हता.

मी एक सेट त्यांच्या मांडीवर ठेवला. दुसरा वऱ्हाडणीच्या हातात दिला आणि गल्लीच्या टोकाकडं बोट दाखवलं. ती गेली. बाई माझ्याकडं संशयानं बघत होत्या. मी त्यांचा डावा हात उचलला, त्यांनी माझ्या कानाखाली मारली नाही हे विशेष, आणि सेटवर ठेवला. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

गल्लीच्या टोकावरून वऱ्हाडीण सुरू झाली. "बाई, इकडं सब बरं हाये. बाई, ऊन लई हाये. बाई, इथं एक कुत्रं हाये, माह्याकडं बघून राहिलं..." सेट गरजत होता. पत्ती मी वाकवलेली तशीच होती.

बाईंचा चेहरा हलेना. बोटं तेवढी जाळीवर दाबली गेली. बराच वेळ गेला. म्हटलं, हे काय करून बसलो आपण. बाईंनी डोळे मिटले. थरथर थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, थांबायची, लगेच सुरू व्हायची, मध्ये श्वास घ्यायला म्हणून थोडकी उसंत.

"शबुद कळत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पन हीच हाय. एवढं दुसरं कुनी बोलत न्हाई."

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा असूनही त्या पुसत नव्हत्या. मग एकदम त्यांचा पारा चढला आणि त्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "रेडिओ हाय, माहेर न्हाई!"

सेटवरचा हात मात्र त्यांनी उचलला नाही.